पूर्वोपचार : नाही

“ताई, तुम्ही ‘नाही’ का दाबलं?”

वैजयंता ढोबळे खिडकीतून मान आत घालून माझ्या पडद्याकडे बघत होत्या. माझ्या खिडकीशी येणारी माणसं सहसा पडद्याकडे बघत नसत. ती शिक्क्याची वाट बघत, नाहीतर नुसतीच पंख्याकडे बघत उभी असत. पण या बाई अंगणवाडी सेविका होत्या. वीस वर्षं रजिस्टरं भरलेल्या बाईला दुसऱ्यानं भरलेला रकाना वाचल्याशिवाय राहवत नाही.

“कुठं ‘नाही’?” मी विचारलं.

“हे काय. ‘पूर्वी केमोथेरपी घेतली आहे का?’ त्याच्यापुढं ‘नाही’. मी तर घेतलीय की. बारा वर्षांमागं. आठ डोस, ते लाल औषध.”

मी हसले. ते हसू मला अजून आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सोलापूरकडच्या एका ट्रस्टच्या कर्करोग रुग्णालयात मी तेव्हा नोंदणी विभाग सांभाळत होते. आमच्याकडे नुकतीच ‘जोडणी’ आली होती. जोडणी म्हणजे आमच्यासारख्या पंधरा-वीस लहान रुग्णालयांचे संगणक पुण्याच्या मोठ्या रुग्णालयाशी जोडलेले. त्यासाठी सगळ्यांनी एकाच ठरीव नमुन्यात माहिती भरायची. आधी काय व्हायचं, तर एक डॉक्टर ‘डावा स्तन’ लिहायचा, दुसरा नुसतं एक अक्षर काढून पुढे टिंब द्यायचा, आणि तिसरा सरळ चित्र काढून त्यावर फुली मारायचा. आता बासष्ट रकाने, प्रत्येकाला ठरलेली उत्तरं, प्रत्येक उत्तराला क्रमांक. इथं भरलं की तिथं दिसणार. पेशंटबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी पाठवायची पद्धत त्याच महिन्यापासून बंद झाली होती. चांगलीच गोष्ट होती ती. मी आजही तिला वाईट म्हणणार नाही.

“‘हो’ दाबलं तर काय होतं बघा,” मी बाईंना म्हटलं आणि दाबून दाखवलं. खाली नवा चौकोन उघडला. “कुठल्या दवाखान्यात घेतली, त्याचा क्रमांक मागतो. तुमचे डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला. यादीत त्यांचं नावच नाही. क्रमांक नाही टाकला तर अख्खी नोंद परत येते. मग तुमचा पुण्याचा नंबर पुढच्या महिन्यावर जाणार. म्हणून वर ‘नाही’ म्हणायचं आणि खाली शेऱ्यात खरं काय ते लिहायचं. वाचा ना.”

त्यांनी चष्मा सारखा करून शेरा मोठ्यानं वाचला. “‘रुग्णाने बारा वर्षांपूर्वी खासगी दवाखान्यात लाल औषधाचे आठ डोस घेतले आहेत. हृदयाला धोका. पुन्हा देऊ नये.’ हां. हे बरोबर लिहिलंय.”

ही युक्ती काही मी काढलेली नव्हती. जोडणी शिकवायला आलेल्या मुलाला आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं की यादीत नसलेल्या दवाखान्याचं काय करायचं. त्यानं घड्याळाकडे बघत सांगितलं होतं, “शेऱ्यात टाका मॅडम.” मग आम्ही सगळंच शेऱ्यात टाकायला लागलो. आमच्याच काय, इतर रुग्णालयांतल्या बायकांशी फोनवर बोलणं व्हायचं, त्याही तेच करत. वरचे रकाने नोंद पास होण्यासाठी आणि शेरा खऱ्यासाठी, अशी आमची सगळ्यांची वाटणीच झाली होती.

वैजयंताबाई खुदकन हसल्या. “आमच्यात पण असंच चालतं बघा ताई. वजनकाटा मोडून दोन महिने झाले, तरी रकाना रिकामा ठेवायचा नाही. मग काय, गेल्या महिन्याच्या वजनात शंभर ग्रॅम घालायचं. पोरं जागेवर बसून वाढतात आमच्याकडं.”

आम्ही दोघी हसलो. मग त्या म्हणाल्या, “पण शेरा वाचतं का हो कुणी? आमचा तर कुणीच वाचत नाही.”

“डॉक्टर वाचतात,” मी म्हटलं.

मला ते ठाऊक नव्हतं. पुण्याचा पडदा कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. पण खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेल्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं.

त्यांची काळजी वाजवी होती. पहिल्या आजाराच्या वेळी त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं की हे लाल औषध आयुष्यात ठरावीकच घेता येतं आणि तुमचा वाटा संपला. वर घेतलं तर हृदय साथ सोडेल. बाईंनी ते पाढ्यासारखं पाठ केलं होतं. आता दुसऱ्या स्तनात गाठ आली होती. ऑपरेशन आणि पुढची औषधं पुण्यालाच होणार होती. आमच्या डॉक्टर पाठकांनीही मला बजावलं होतं, “हिरेमठ, हिचं आधीचं नीट घाला. लाल औषध बंद आहे तिला. दुसरी औषधं आहेत, ती ते देतील.” मी ‘हो सर’ म्हटलं होतं.

“फाईल ठेवून जा,” मी बाईंना सांगितलं. “जुने कागद स्कॅन करायचेत.”

त्यांनी फाईल पोटाशी धरली. “पुण्याला लागली तर?”

“आता फाईल कुणी बघत नाही बाई. सगळं आधीच पोचलेलं असतं.”

त्यांनी फाईल खिडकीतून आत सरकवली. “तुमच्या भरवशावर जाते हं,” असं म्हणाल्या आणि गेल्या. पाठोपाठ मी ‘हो’चं पुन्हा ‘नाही’ केलं आणि पाठवण्याचं बटण दाबलं. नोंदीपुढे हिरवी खूण आली. त्या तिमाहीत आमच्या एकाही नोंदीवरची खूण हुकलेली नव्हती, आणि हा विक्रम माझा होता. त्याचा मला किती माज होता ते आता सांगायला लाज वाटते.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी, त्यांचा फोन आला. ऑपरेशन होऊन त्या पुण्यातच थांबल्या होत्या.

“ताई, मी वैजयंता ढोबळे. हितं डॉक्टर म्हणतात, तुम्ही आधी काहीच घेतलेलं नाही असं दिसतंय. मी म्हटलं, घेतलंय की, लाल औषध. तर ते म्हणतात, कुणी दिलं, किती दिलं, कागद दाखवा.”

“त्यांना म्हणावं, खाली शेरा बघा.”

“म्हटलं. ते म्हणतात, शेरा असं काही येतच नाही आमच्याकडं. नुसते वरचे रकाने येतात.”

मी खुर्चीत सरळ झाले. समोर त्यांची नोंद उघडली. शेरा जागच्या जागी होता. माझ्या पडद्यावर तो होता, आणि म्हणून तो सगळ्यांच्या पडद्यावर असणार असं मी धरून चालले होते.

“ताई, ऐकताय ना?”

“हो. बोला.”

“परवा पहिला डोस आहे. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण चांगला आहे. म्हणाला, गुरुवारी सकाळपर्यंत कागद आला तर औषध बदलतो. फाईल तुमच्याकडंच हाय की. फोटो काढून पाठवा तेवढा. आणि ते वरचं ‘नाही’ पण बदलाल का?”

“करते. आज संध्याकाळपर्यंत करते. डॉक्टरांचा नंबर द्या.”

त्यांनी नंबर सांगितला. मी टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहून घेतला. तो कागद म्हणजे गुरुवारच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका होती.

गुरुवारी आमच्या रुग्णालयाला ‘आदर्श केंद्रा’चा मान मिळायचा होता. तीन महिन्यांत एकही नोंद परत आली नाही म्हणून. मुंबईहून साहेब लोक येणार होते, आणि प्रशासक कुलथे साहेबांचा आठवडाभर पाय जमिनीवर नव्हता. मी त्यांच्याकडे गेले.

“सर, एक नोंद दुरुस्त करायचीय. ढोबळे म्हणून पेशंट आहे. पूर्वोपचार ‘हो’ करावं लागेल.”

“दवाखान्याचा क्रमांक आहे?”

“नाही. तोच तर घोळ आहे.”

“म्हणजे नोंद परत येणार.” त्यांनी पेन खाली ठेवलं. “मॅडम, परवा ते लोक इथं तुमच्याच खुर्चीमागं उभे राहून बघणार आहेत. मानपत्रावर तुमचं नाव घातलंय. आज तुम्ही नोंद उघडणार?”

“पेशंटला परवा डोस आहे सर.”

“मग फोन करून सांगा ना डॉक्टरांना! फोटो पाठवा. नोंदीला हात कशाला लावायचा? ती शुक्रवारी दुरुस्त करा निवांत.”

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फोन आणि फोटो पुरले असते. पाच मिनिटांचं काम. इथं कुलथे साहेबांवर ढकलून मला मोकळं होता येत नाही, आणि मी पुष्कळ वर्षं तसा प्रयत्न करून पाहिलेला आहे.

फाईल स्कॅनच्या कपाटात होती आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असे तो मंडप घालायच्या गडबडीत होता. मी म्हटलं, चहानंतर बघू. चहानंतर मानपत्राचा मजकूर तपासायला आला, त्यात माझं आडनाव चुकलं होतं. मग हारांचं ठरलं नव्हतं. मग नवी साडी नेसायची की जुनी पैठणी, यावर आम्ही तिघीजणी अर्धा तास बोलत बसलो. मंगळवार गेला. बुधवारी पाहुण्यांसाठी पडद्याची रंगीत तालीम झाली आणि निमंत्रणपत्रिका सगळ्या गोळा करून पाहुण्यांच्या पिशव्यांत भरल्या. नंबर त्यांतल्याच एकीवर होता. पण नंबर हरवला म्हणून राहिलं असंही नाही. बाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. गुरुवारी टाळ्या वाजल्या, खांद्यावर शाल पडली, घरी जाऊन मी ते मानपत्र सासूबाईंच्या हातात दिलं.

मी विसरले. याला दुसरा शब्द नाही. कुणी अडवलं नाही, कुणी धमकावलं नाही. एका बाईचा जीव माझ्या पाच मिनिटांवर टांगलेला होता आणि मी तो विसरले.

बाईंचा परत फोन आला नाही. महिनाभरानं कधीतरी मला एकदम आठवलं. पण मी स्वतःची समजूत घातली, की फोन आला नाही म्हणजे तिकडे निभावलं असणार. डॉक्टर पोरगेला असला तरी चांगला आहे, असं त्याच म्हणाल्या होत्या. फोन करून विचारायचं धाडस मला झालं नाही. विचारलं असतं, तर राहिलेले डोस थांबले असते.

सहा महिन्यांनी कुलथे साहेबांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

“ती ढोबळे. वारली. चार डोस झाल्यावर हृदय गेलं तिचं. दोन महिने होती म्हणे दवाखान्यात. नवऱ्यानं पुण्याला अर्ज केलाय, तिथून आपल्याला विचारणा आलीय.”

मी विचारणेचा कागद बघायला हात पुढे केला.

“घाबरू नका. मी उत्तर दिलंय. जे आपण भरलं तेच तिकडे पोचलं, वाटेत काही बदललं नाही. यंत्रणा निर्दोष आहे. बास. तुम्ही फक्त कुणाला काही लिहून द्यायचं नाही.”

“सर, तो फोन मी...”

“कुठला फोन?” ते म्हणाले आणि फाईल बंद केली.

पुढच्या आठवड्यात दशरथ ढोबळे आले. गवंडीकाम करणारा माणूस, उंच, हाताच्या भेगांत चुना बसलेला. खिडकीशी न थांबता ते दारातून आत आले आणि मला हात जोडले. मी उठून खुर्ची दिली. त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं.

“ताई, हे तेवढं वाचून अर्थ सांगा. वाचलंय मी, पण एक वाक्य डोक्यात जात न्हाई.”

पत्र पुण्याचं होतं. शेवटून दुसऱ्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. ‘अभिलेखात पूर्वोपचार : नाही, अशी स्पष्ट नोंद असून सदर माहिती रुग्णाच्या सांगण्यावरून भरली जाते.’

“म्हंजे तिनं ‘न्हाई’ म्हणून सांगितलं, असंच ना?”

मी पत्र त्यांच्या हातात परत दिलं.

“गावात तेच झालंय बघा. बाईनं लपवलं म्हणतात. आधी घेतलंय म्हटलं तर औषध फुकट मिळणार न्हाई, म्हणून लपवलं, असं माझा सख्खा भाऊ बोलला. पोरगी दहावीला आहे. ती मला इचारती, आई खोटं का बोलली?” त्यांनी पत्राची घडी पुन्हा घातली. “ती आन् खोटं? तुमी तर बघितलंय तिला.”

“हो,” मी म्हटलं.

“तुमचं लई नाव काढायची. पहिल्या डोसाच्या आदल्या दिवशी मी म्हणलं, ताईंला परत एकदा फोन लाव. न्हाई म्हणली. ताईंनी कळवलं असंल, सारखं इचारलं तर त्यांना वाटंल इश्वास न्हाई. दुसऱ्या दिवशी लाल बाटली लावली तवा मी दचकलो. तर मलाच म्हणाली, आवो, ताईंनी सांगितल्यावर समदं बघूनच देत असतील, आता नवीन तऱ्हेचं असंल. आन् हात पुढं केला.”

कपाटातली बाईंची फाईल मी आदल्याच आठवड्यात काढून ठेवली होती. ती दिली. त्यांनी न उघडता काखेत धरली.

“मला कोर्टात जायचं न्हाई ताई. पैसं पण नकोत. तुमी नुसती एक ओळ लिहून द्या. की तिनं मला सांगितलं होतं. बास. पोरीला दाखवायचीय.”

ओळ खरी होती. त्यानंतर आणखी एक ओळ लिहावी लागली असती, की ‘नाही’ मी भरलं. आणि तिसरी, जी मी कुणालाच कधी सांगितली नव्हती. माझ्यासमोर रुग्णालयाचा शिरोनामा छापलेला कोरा कागद होता आणि पेनही होतं.

“लिहून देता येत नाही,” मी म्हटलं. “नियम आहे. वरून सूचना आहे.”

“बरं.” त्यांनी थोडा विचार केला. “मग तोंडी सांगता का? पोरगी खालीच बसलीय बाकड्यावर. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला पटंल. दोन मिंटं.”

तोंडी सांगायला कुठलाच नियम आड येत नव्हता. ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी पडद्याकडे बघितलं. बाहेर रांग होती. “आत्ता कामाची वेळ आहे,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, यांना कळलं. कळावं असंही वाटलं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, टेबल उलथवलं असतं, तर मी सुटले असते.

“असू द्या ताई,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुमच्या नोकरीवर नको यायला. आदीच आमच्यापायी वरच्यांची बोलणी खाल्ली असतील तुमी. तुमी तुमच्या परीनं कळवलं होतं, त्यांनीच ऐकलं न्हाई. त्याला तुमी तरी काय करणार?”

त्यांनी पुन्हा हात जोडले आणि ते जिना उतरले.

मी उठून मागच्या, फाटकाकडच्या खिडकीशी गेले. खाली लिंबाजवळच्या बाकड्यावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी शाळेच्या गणवेशात बसली होती. बाप येताना दिसला तशी ती उठून उभी राहिली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, मान हलवून काहीतरी सांगितलं. तिनं एकदा वर, आमच्या मजल्याकडे बघितलं. मग दोघं फाटकाकडे चालू लागली, सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारखी. अंतर फार नव्हतं. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

मी मारली नाही.